विमान गावावर घिरट्या घालून परत गेलं, म्हणजे आमचं विमानतळ धोक्याचं आहे का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. जुलैमध्ये तुमचे आईवडील हैदराबादहून एटीआरने (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) तुमच्या जिल्ह्याच्या विमानतळावर येत होते. विमान गावावर आलं, आईंना खिडकीतून तळं दिसलं, हायवे दिसला, अर्धा तास फिरत राहिलं, एकदा खाली येऊन एकदम जोरात वर गेलं आणि शेवटी सगळ्यांना परत हैदराबादला नेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात 'प्रवासी बालंबाल बचावले', आणि त्याखाली 'विमानतळावरील यंत्रणा नादुरुस्त'. आता भाऊ म्हणतोय की यापुढे रेल्वेनेच पाठवायचं, आई विमानाचं नाव काढलं तरी घाबरते, आणि तुम्ही विचारताय की अशा छोट्या विमानतळावर उतरणं खरंच धोक्याचं आहे का, आणि न्यायचंच होतं तर जवळ दुसरं विमानतळ असताना इतक्या लांब का नेलं.

मी २४ वर्षं विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये, विमानांना उतरायची-उडायची परवानगी देण्याच्या कामात काढली, त्यातली निम्मी तरी अशाच विमानतळांवर, एकच रनवे, दिवसाला चार-सहा फ्लाइट, दोन विमानं उभी राहतील एवढीच जागा. आता निवृत्त आहे. माझ्या नोकरीतलं जे सांगेन ते जागेचं नाव न घेता सांगेन.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात असं मला वाटतं. विमान वळवलं जाणं, यंत्रणा बंद असणं आणि अपघात होणं. पेपरात तिन्ही एकाच बातमीत येतात म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि आपण तिसऱ्याच्या तोंडातून परत आलो. मी आयुष्यभर बघितलं ते जवळजवळ उलटं आहे. माझ्या झोपेवर ज्या दिवसांचा परिणाम झाला ते विमान वळलं ते दिवस नव्हते, विमान वळायला हवं असं मनातून वाटत असताना ते खाली येत राहिलं ते दिवस होते.

आधी आईंना जे दिसलं त्याबद्दल. त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे, त्यांना तळं दिसलंच असणार. पण त्या सरळ खाली बघत होत्या आणि पायलट समोर तिरकं बघत असतो. उतरताना विमान साधारण तीन अंशाच्या उताराने खाली येतं, म्हणजे अगदी सपाट रेषेत. समजा जमिनीवर ३०० फूट जाडीचा धुक्याचा किंवा विरळ ढगाचा थर पसरलाय. खिडकीतून सरळ खाली बघितलं तर नजरेला ३०० फूटच भेदायचंय, खालचं शेत, घरं, रस्ता सगळं दिसतं. तोच थर तीन अंशाच्या तिरक्या रेषेत भेदायचा तर जवळपास पावणेसहा हजार फूट होतो. वरून पारदर्शक वाटणारी चादर समोरून पांढरी भिंत असते. आणि पायलटला गाव दिसून उपयोग नाही, त्याला रनवेचं तोंड, रनवेचे दिवे, नाहीतर बाजूचे पापी लाइट दिसायला हवेत (हे चार दिव्यांची ओळ असते, दोन पांढरे दोन लाल दिसले की उंची बरोबर, चारही लाल म्हणजे फार खाली आलात). माझ्या टॉवरच्या फोनवर लोक फोन करायचे, साहेब आम्हाला गच्चीवरून विमान दिसतंय, मग उतरवत का नाही. त्यांना विमान दिसत होतं, विमानाला रनवे दिसत नव्हता.

छोट्या विमानतळावर व्हिजिबिलिटी कशी मोजतात तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं सगळं मशीनवर असतं. मशीन काही ठिकाणी असतं, पण मी जिथे होतो तिथे टॉवरच्या काचेला लागून एक तक्ता होता, कुठल्या दिशेला काय आणि किती अंतरावर. पाण्याची टाकी दीड किलोमीटर, देवळाचं शिखर अडीच, साखर कारखान्याचं धुराडं पाच. दर अर्ध्या तासाला हवामानवाला आणि आम्ही बघायचो काय दिसतंय. ऑगस्टमधली एक सकाळ आठवते, सव्वासातला धुराडं नव्हतं, साडेसातला शिखर गेलं, आणि आठ वाजता मी टाकी शोधत होतो तेव्हा रेडिओवर एटीआरचा आवाज आला की आम्ही ४० मैलांवर आहोत. रनवेच्या पूर्वेच्या टोकाला लख्ख ऊन होतं. पश्चिमेच्या टोकावर घाटाकडून आलेला ढग गवतावर बसला होता. टर्मिनलमधल्या लोकांना ऊनच दिसत होतं.

आता यंत्रणेचं. प्रत्येक विमानतळावर उतरायच्या प्रत्येक पद्धतीला एक मिनिमा ठरलेला असतो, म्हणजे किती फुटांपर्यंत खाली यायचं आणि तिथून किती अंतर दिसलं पाहिजे. तिथे पोचल्यावर रनवे दिसला तर उतरा, नाही दिसला तर वर जा, मध्ये दुसरं काही नाही. आयएलएस असेल, म्हणजे रनवेकडून विमानाला दिशा आणि उतार दोन्ही दाखवणारे रेडिओ सिग्नल, तर साध्या पहिल्या कॅटेगरीतही २०० फुटांपर्यंत येता येतं आणि रनवेवर ५५० मीटर दिसलं तरी चालतं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या विमानतळांवर आयएलएस नाही, व्हीओआर असतं. ते दिशा सांगतं, जोडीचं डीएमई अंतर सांगतं, पण उतार सांगत नाही. म्हणून तिथला मिनिमा वर असतो, उंची पाच-सहाशे फूट किंवा जास्त, टेकडी असेल तर आणखी. आणि काही विमानतळ सुरुवातीची वर्षं नुसत्या नजरेवर चालतात, तिथे ५ किलोमीटर दिसलंच पाहिजे. शिर्डीचं विमानतळ २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात कमी व्हिजिबिलिटीमुळे तिथली सगळी उड्डाणं बरेच दिवस बंद होती. पाच किलोमीटरची अट असली की नगर जिल्ह्यातल्या साध्या हिवाळी धुक्यातही ती मोडते.

तर तुमच्या बातमीतली 'यंत्रणा नादुरुस्त' म्हणजे बहुधा व्हीओआर बंद असणार. ते बंद असलं की विमान आंधळं होत नाही. उतरायची एक पद्धत त्या दिवसापुरती मिटते, मग जी उरते, उपग्रहावरची किंवा नजरेची, तिचा मिनिमा लागू होतो. बंद असल्याची सूचना, ज्याला आम्ही नोटॅम म्हणतो, ती पायलटला हैदराबादहून निघायच्या आधीच मिळालेली असते. त्याला माहीत असतं की आज आपल्याला ढगाखालून जास्त उंचीवरून रनवे दिसायला हवा, आणि त्याने परतीचं इंधन त्याच हिशोबाने भरलेलं असतं. म्हणजे उपकरण बंद पडल्याने तुमची फ्लाइट परत जायची शक्यता वाढली हे खरं, पडायची नाही. लोकांचा राग मला समजतो, आणि रागाची जागा योग्यच आहे, कारण हे उपकरण दुरुस्त झालं तरी लगेच वापरता येत नाही, त्याची तपासणी करायला विमानतळ प्राधिकरणाचं खास विमान यावं लागतं, ते दिल्लीहून निघतं आणि देशभराच्या रांगेत आपला नंबर लागतो. एका सुट्या कार्डासाठी मी आठवडेच्या आठवडे वाट बघितली आहे. रोज सकाळी तोच नोटॅम पुढे ढकलायचा, रोज फोनवर तीच उत्तरं द्यायची. जिल्ह्यातल्या लोकांनी यावर जरूर आवाज उठवावा, खासदारांना विचारावं, 'किती दिवस बंद आहे' हा प्रश्न फार उपयोगाचा असतो.

मग सरळ आयएलएस का बसवत नाहीत? त्याला नुसतं मशीन लागत नाही, जमीन लागते. अॅप्रॉच लाइटची पूर्ण रांग रनवेच्या टोकापासून बाहेर ९०० मीटर जाते, आणि अँटेनासमोरची जमीन सपाट करून मोकळी ठेवावी लागते. त्या जागेत कुणाची तरी विहीर असते, ऊस असतो. मोबदल्याची बोलणी वर्षानुवर्षं चालतात. मी त्या शेतकऱ्यांशी बोललोय, त्यांच्या जागी मी असतो तर मीही सहज सही केली नसती. एक चांगली गोष्ट म्हणजे आपली गगन नावाची उपग्रह यंत्रणा. २०२२ च्या एप्रिलमध्ये राजस्थानात किशनगडला एटीआर गगनच्या मदतीने उतरवून दाखवलं, आणि त्यात जमिनीवर आयएलएस नसतानाही दिशा आणि उतार दोन्ही मिळतात. छोट्या विमानतळांचं खरं भलं यातूनच होईल असं माझं ठाम मत आहे, मात्र विमानात तसा रिसीव्हर हवा आणि त्या त्या विमानतळासाठी तशी पद्धत छापलेली हवी.

आता ते 'एकदम जोरात वर गेलं'. आईंना सगळ्यात जास्त भीती त्याचीच बसलीय ना? त्याला गो-अराउंड म्हणतात. विमान ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने, नाक थोडं खाली, इंजिनं शांत अशा अवस्थेत येत असतं आणि मग अचानक इंजिनं पूर्ण ताकदीने गरजतात, पाठ सीटला दाबली जाते, चाकं आत जाण्याचा धडधड आवाज येतो. आतल्या माणसाला वाटतं काहीतरी हुकलं. पण पायलट प्रत्येक लँडिंगला मनाशी हे धरूनच येतो की मी वर जाणार आहे, रनवे दिसलाच तर उतरेन. सिम्युलेटरवर हे त्यांच्याकडून वर्षाला कितीतरी वेळा करून घेतात. आईंना एवढंच सांगा की तो आवाज त्यांना घरी आणणाऱ्या माणसाच्या शहाणपणाचा होता. मी टॉवरमधून गो-अराउंडचा कॉल ऐकला की माझे खांदे सैल व्हायचे, हे अगदी खरं सांगतो.

दोन प्रयत्न झाले की बहुतेक पायलट वळतात, तिसरा फक्त हवा खरंच सुधारत असेल तरच. आणि अर्धा तास फिरत राहण्याचं कारण इंधनाचा हिशोब. निघताना विमानात इथपर्यंतचं, इथून पर्यायी विमानतळापर्यंतचं, तिथे पोचून अर्धा तास फिरता येईल एवढं राखीव, आणि वर थोडं जास्तीचं असं इंधन असतं. ढग सरकेल म्हणून फिरायचं ते त्या जास्तीच्या इंधनावर. ते संपत आलं की पायलट चर्चा करत नाही, वळतो. राखीवला हात लावायची वेळ येऊ द्यायची नाही हीच सगळ्यांची शिकवण आहे.

आता हैदराबादलाच का. हा प्रश्न मला आमच्या स्वतःच्या नातेवाइकांनीही विचारलाय. नकाशावर जवळ दिसणारं विमानतळ त्या वेळी उघडं असेलच असं नाही, छोट्या ठिकाणी टॉवरच्या कामाच्या वेळा ठरलेल्या असतात, त्याबाहेर तिथे ना कंट्रोलर ना फायर. जवळ असेल तर हवाही बहुतेक तीच असते, पावसाळ्यात कोल्हापूरवर बसलेला ढग बेळगावला सोडून देत नाही. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं, तिथे त्यांच्या सरावाच्या वेळा असतात. २०१८ च्या जानेवारीत दाबोळीला नौदलाचं मिग-२९ के रनवेवरून घसरून पेटलं, पायलट बाहेर पडला, वाचला, पण तेवढा वेळ रनवे सगळ्यांनाच बंद. मग जागा आहे का, इंधन भरायची सोय आहे का, त्या कंपनीची माणसं तिथे आहेत का, नाहीतर प्रवासी तासन्तास विमानातच बसून राहतात. आणि क्रूच्या ड्यूटीचे तास संपले की त्यांना उडवता येत नाही, कायद्यानेच. हैदराबादला दुसरा क्रू असतो, दुसरं विमान असतं, हॉटेलं असतात, तुमचं सामानही तिथे सांभाळलं जातं. लांब वाटतं, पण प्रवाशांच्या दृष्टीनेही बऱ्याचदा तेच बरं पडतं. बऱ्याचदा म्हणतोय, नेहमी नाही. कधीकधी कंपनी स्वतःच्या सोयीसाठीही परत नेते, तेही मी बघितलंय.

म्हणजे इथपर्यंतचं एवढं: विमान वळलं कारण रनवे ठरलेल्या उंचीवरून दिसला नाही, बंद उपकरणाने ती उंची वाढवून ठेवली होती, आणि पायलटने दोन्ही गोष्टी मानल्या. यात कुणी बालंबाल बचावलं नाही.

मग धोका कुठे असतो? तो नाहीच असं मी म्हणणार नाही. तीन अपघात सांगतो, तिन्ही अशाच मध्यम किंवा छोट्या विमानतळांवरचे.

पहिला आपल्या औरंगाबादचा, २६ एप्रिल १९९३. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईसाठी दुपारी एकच्या सुमारास चिकलठाण्याहून निघालं, विमानात ११८ माणसं. जमिनीवरून चाकं उचलली ती जवळपास रनवेच्या टोकाला, आणि टोकापलीकडून बीडचा रस्ता जातो, त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची चाकं आणि इंजिनाचा भाग ट्रकला लागला, पुढे तीनेक किलोमीटरवर विजेच्या तारांना धडकून ते कोसळलं. ५५ माणसं गेली. चौकशीत दोन कारणं आली, पायलटने विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, आणि फ्लाइटच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक थांबवण्याची व्यवस्था विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती. मी नोकरीला लागलो तेव्हा आम्हाला हे जवळजवळ पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं. पुढे एका विमानतळावर रनवेच्या टोकाजवळून गावाचा रस्ता होता, गाळपाच्या हंगामात त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जायच्या, ऊस रचून रचून दुमजली झालेल्या. तिथे वॉकीटॉकी घेऊन एक माणूस उभा असायचा. एकदा त्याचा आवाज आला, साहेब ट्रॉलीचं चाक बसलंय, हलत नाही. विमान रनवेवर लाइनअप झालेलं. मी टेकऑफ क्लिअरन्स थांबवला, १७ मिनिटं विमान इंजिनं चालू ठेवून उभं राहिलं, नंतर कंपनीच्या माणसाने मला विचारलं की खरंच एवढी गरज होती का. मी त्याला बीडचा रस्ता एवढंच म्हणालो. तो माणूस जुना होता, त्याला कळलं.

दुसरा मंगळूर, २२ मे २०१०. डोंगर कापून केलेलं विमानतळ, टोकापलीकडे दरी. आयएलएस चालू होतं, हवा शांत, व्हिजिबिलिटी ६ किलोमीटर. म्हणजे तुमच्या बातमीत जे जे बंद होतं ते ते तिथे चालू होतं. विमान फार उंचावरून, फार वेगात आलं, सहपायलट गो-अराउंड म्हणत राहिला, कॅप्टन थांबला नाही, रनवेचा बराच मोठा भाग मागे गेल्यावर चाकं टेकली. १५८ माणसं गेली, ८ वाचली.

तिसरा कोळिकोड, ७ ऑगस्ट २०२०, मुसळधार पावसातली रात्र. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला, विमान बरोब्बर वर गेलं. मग दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला, आणि त्या बाजूने वारा पाठीमागून होता. विमान ८,८५८ फुटांच्या रनवेवर ४,४३८ फूट पुढे जाऊन टेकलं, म्हणजे निम्मा रनवे हवेतच संपला. टोकावरून खाली कोसळून तुकडे झाले, दोन्ही पायलट धरून २१ जणांचा जीव गेला. अहवालात साफ लिहिलंय की दुसऱ्या पायलटने गो-अराउंड म्हटलं होतं. बिघाड किती छोटा होता बघा, एक वायपर. पण पाऊस, पाठीवरचा वारा, ओला रनवे, टोकापलीकडे उतार, रात्र, असं एकेक करून सुटायच्या वाटा मिटत गेल्या, आणि जी शेवटची वाट मोकळी होती, परत वर जायची, ती घेतली गेली नाही.

छोट्या विमानतळाचा खरा कमकुवतपणा हा इथे आहे ताई. चूक झाली तर ती पोटात घ्यायला जागा कमी असते. रनवेच्या टोकापलीकडे रेसा म्हणून मोकळी, सपाट जमीन ठेवतात, किमान ९० मीटर, शिफारस २४० ची, म्हणजे विमान पुढे गेलंच तर मातीत थांबावं, दरीत किंवा रस्त्यावर जाऊ नये. आपल्या कित्येक ठिकाणी किमानच आहे. एकच रनवे असतो, त्यावर एक विमान अडकलं की सगळं बंद. २०१९ च्या एप्रिलमध्ये शिर्डीला ७३७ रनवे सोडून पुढे गेलं, कुणाला काही झालं नाही, पण ते हलवेपर्यंत विमानतळ ठप्प. अडकलेलं विमान उचलायची साधनं छोट्या ठिकाणी नसतात, ती मोठ्या शहरातून ट्रकने येतात. त्यामुळे 'टायर फुटला, विमानतळ दिवसभर बंद' अशी बातमी वाचली तर दिवसभर काहीतरी भयंकर चाललंय असं समजू नका, ट्रक रस्त्यात आहे एवढाच त्याचा अर्थ.

ज्या बिघाडांनी मला खरंच काळजी वाटायची ते प्रवाशांना दिसतच नाहीत. फायरची गाडी, आम्ही तिला सीएफटी म्हणतो. रोज सकाळी पहिल्या फ्लाइटच्या आधी तिची चाचणी होते, पाणी किती लांब मारते, फोम येतो का. एका सकाळी पंप पाणी खेचेना, सक्शन लाइनमधून हवा जात होती. दुसरी गाडी आधीच दुरुस्तीला गेलेली. विमानाच्या लांबीप्रमाणे फायरची कॅटेगरी ठरते, एटीआर-७२ ला पाच, ए-३२० ला सहा, आणि तेवढी सोय नसेल तर ते विमान आणायचंच नाही. मी लगेच कळवलं, फ्लाइट तिकडेच थांबवली. टर्मिनलमध्ये लोक संतापले, एक आजोबा मला म्हणाले, अहो आग लागली नाहीये ना अजून! त्यांना एका कार्यासाठी वेळेत पोचायचं होतं, त्यांचं मन मोडताना मला वाईट वाटत होतं. पण गाडी रनवेच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचून पाणी मारू शकली पाहिजे हा नियम आहे, कारण त्यानंतर आतली माणसं धुराने जातात. फायरवाल्या पोरांनी दोन तास गाडीखाली पडून ते गॅस्केट बदललं, पुन्हा चाचणी घेतली, मग फ्लाइट आली. त्या दिवशी बातमी आली, 'ढिसाळ कारभार, प्रवासी ताटकळले'. त्या पोरांच्या कोपरांवरचं ग्रीस कुणी बघितलं नाही.

आणि पक्षी, प्राणी. २०१४ मध्ये सुरतला टेकऑफच्या धावेत विमानाला म्हैस धडकली होती, पुढच्या वर्षी जबलपूरला उतरणाऱ्या विमानाला रानडुकरं. पाऊस पडून गेला की गांडुळं रनवेवर येतात, त्यांच्यामागे बगळे आणि टिटव्या, मग आम्ही जीप पळवून फटाके वाजवून ते उठवायचे आणि तेवढा वेळ विमानाला वर थांबवायचं. विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कत्तल आणि कचरा टाकायला कायद्याने बंदी आहे. तुमच्या गावाच्या कचरा डेपोवर घारी फिरत असतील तर तो विमानाचाही प्रश्न आहे, भावाला रेल्वेचं तिकीट काढण्यापेक्षा हा अर्ज नगरपालिकेत द्यायला सांगा, मी मनापासून म्हणतोय.

विमानातले बिघाडही होतात. २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबईहून भुजला निघालेल्या एटीआरचं इंजिनावरचं झाकण टेकऑफच्या वेळी मुंबईच्या रनवेवरच पडलं, आणि विमान भुजला सुखरूप उतरलं. इंजिन उघडं पडलं तरी चालत राहिलं. एक इंजिन पूर्ण बंद पडलं तरी एटीआर एका इंजिनावर उतरतं. या भागावर मी जास्त लिहीत नाही, कारण तुमची भीती विमानाची नाही, विमानतळाची आहे.

तर आईवडिलांना पाठवायचं का? हो, पाठवा. फक्त कधी, हे परिस्थितीवर आहे. पावसाळ्यात घाटाजवळच्या विमानतळावर सकाळी ढग खाली बसलेला असतो, अकराच्या पुढे बऱ्याचदा वर उचलतो. डिसेंबर-जानेवारीत धुकं साडेनऊ-दहापर्यंत, त्यात आजूबाजूला उसाला पाणी दिलेलं असेल तर आणखी. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात उलट, दुपारनंतर वळीव आणि विजा. म्हणजे पर्याय असेल तर उशिरा सकाळची ते दुपारी एकपर्यंतची फ्लाइट घ्या. दिवसात एकच फ्लाइट असेल आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरची अपॉइंटमेंट किंवा लग्नकार्य असेल तर एक दिवस आधी पाठवा, जुलै-ऑगस्टमध्ये तर नक्कीच, नाहीतर त्या वेळेपुरती रेल्वे बरी, त्यात भावाचं बरोबर आहे. शेवटची संध्याकाळची फ्लाइट टाळा, कारण उशीर झाला आणि तिथे रात्री उतरायची सोय किंवा परवानगी नसेल, किंवा टॉवरची वेळ संपत असेल, तर विमान यायचंच नाही.

वडिलांच्या गोळ्या कायम हातातल्या बॅगेत, दोन दिवसांच्या, चेक-इनमध्ये कधीच नाही. थोडा सुका खाऊ, फोनचा चार्जर आणि तुमचा नंबर एका कागदावर, कारण अशा वेळी फोनची बॅटरी नेमकी संपते. हवामानामुळे झालेल्या उशिरासाठी नुकसानभरपाई मिळत नाही, पण उशीर ठरावीक तासांपुढे गेला की चहापाणी, जेवण देणं कंपनीला बंधनकारक आहे आणि फ्लाइट रद्द झाली तर पूर्ण परतावा किंवा दुसरी फ्लाइट यातलं काय हवं ते निवडायचा हक्क तुमचा. म्हातारी माणसं मागत नाहीत, म्हणून तुम्ही फोनवरून काउंटरवाल्याशी बोला. व्हीलचेअर बुक करून ठेवा, चालता येत असलं तरी, म्हणजे वळवलेल्या विमानतळावर कुणीतरी त्यांच्याबरोबर असतं.

आणि पुढच्या वेळी निघायच्या आदल्या दिवशी मला इथेच लिहा, विमानतळाचं नाव आणि फ्लाइटची वेळ सांगा. तिथे काय चालू आहे, काय बंद आहे, ढग कसा आहे, ते बघून मी तुम्हाला सकाळी सांगेन. आईंशी फोनवर बोलायचं असेल तर तेही चालेल, तो आवाज कसला होता ते मीच त्यांना सांगतो.